कमलअक्कांच्या शिश्या

समाजमंडळाच्या स्मरणिकेसाठी कमलअक्कांचा परिचय लिहून द्या, असं चिटणीस छगनभाऊ दोनदा घरी येऊन सांगून गेले. "दोन पानं पुरे, वहिनी. जन्म, शिक्षण, पुरस्कार, झालंच तर एक फोटो." मलाच सांगण्याचं कारण, मी रोज वही लिहिते. लग्न होऊन १९७९ साली पिंप्राळ्याला आले तेव्हापासून एक दिवस सुटलेला नाही. सांजवात झाली की तिथी, स्वयंपाक, कोण आलं, कोण गेलं, पोथीचा कितवा अध्याय झाला, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: आजची चूक. ही ओळ माझ्या आईनं लावलेली सवय. दिवसभरात जे चुकलं ते देवासमोर लिहायचं आणि मोकळं व्हायचं.

अक्कांच्या परिचयात पुरस्कार येणार नाहीत, कारण ते मिळाले नाहीत. का मिळाले नाहीत याची कारणं बरीच असतील, पण त्यातलं एक मी आहे. ते गाळून परिचय लिहिला तर तो खोटा होईल. म्हणून थोडी जास्त पानं घेते. मंडळाला छापावंसं वाटलं नाही तर माझं काही म्हणणं नाही.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंद, डॉक्टर कमल तोताराम बोंडे. सुया टोचणाऱ्या डॉक्टर नव्हेत, अभ्यास करून झालेल्या. जन्म सावद्याचा, १९५० चा. माझे सासरे तोतारामनाना यांचे केळीचे मळे होते आणि मळ्यात सातपुड्याकडची माणसं कामाला असत. अक्का दहा वर्षांच्या असताना त्यांना थंडीताप भरला. तीन गोधड्या अंगावर आणि वरून आई दाबून बसलेली, तरी दात वाजत होते. त्याच आठवड्यात मळ्यातल्या गेंदा नावाच्या गड्यालाही ताप आला. सकाळी तो झाडाखाली पडून होता, दुपारी केळीचे घड खांद्यावरून वाहत होता. अक्कांनी खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, "नाना, त्याला माझ्याएवढा ताप का नाही येत?"

नाना म्हणाले, "त्याले सवय झाली."

अक्का पुढं हसून म्हणायच्या, "त्या 'सवय' शब्दाचा अर्थ शोधता शोधता माझे केस पिकले."

जळगावला बी.एस्सी., पुण्याला एम.एस्सी., मग मुंबईच्या एका प्रयोगशाळेत सात वर्षं आणि तिथंच डॉक्टरेट. विषय हिवताप आणि हिवतापाशी लढणारं रक्त. तिथं चांगली जागा मिळत असताना त्या १९८३ साली धुळ्याला आल्या. धुळ्यात दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत एक लहानसं संशोधन उपकेंद्र होतं. पंखा लावला तर कागद उडायचे आणि बंद केला तर माणूस उकडून निघायचा. मी विचारलं, "मुंबई सोडून इथं का हो?" तर म्हणाल्या, "ताप इकडं आणि मी तिकडं, असं किती दिवस चालणार?"

लग्न केलं नाही. त्यावरून सासूबाई, भिकुबाई, त्यांना कधी सोडत नसत. अक्का महिन्या-दोन महिन्यांनी पिंप्राळ्याला आल्या की दारातच सुरुवात व्हायची.

"लोकायच्या पोरी माहेरी येतात त लेकरं आनतात. आमची पोरगी रगताचे डबे आनते."

"आई, रक्त नाही ते. रक्तावरचं पाणी आहे."

"मंग वरनावरचं पानी काढलं त ते काय ताक होते का व माय?"

अक्का हसत हसत डबा माझ्या हातात द्यायच्या आणि मी तो फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या खणात ठेवायची. हे असं का, ते सांगते.

साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातला एक पाडा अक्कांनी निवडला होता. तिथं पावसाळ्यापासून थंडीपर्यंत घरोघरी हिवताप. लहान पोरांची पोटं पुढं आलेली, पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली. म्हातारी माणसं मात्र ताप अंगावर घेऊन मोळी आणायला जायची. अक्कांचं म्हणणं असं, की पुन्हा पुन्हा ताप येऊन रक्तात एक पहारा बसतो. तो किती वर्षांनी बसतो? आणि पाड्यावरची निम्मी घरं दिवाळीनंतर ऊस तोडायला गुजरातेत जातात, सहा महिन्यांनी परततात, तेवढ्यात तो पहारा उठतो का? परत आल्यावर तीच माणसं जास्त का आजारी पडतात? हे कळायचं तर त्याच माणसांचं रक्त वर्षातून तीनदा, सलग तीन वर्षं पाहायला हवं. साठ माणसं त्यांनी धरली होती. तान्ह्या पोरापासून सत्तरीच्या दगडीबाईपर्यंत.

रक्त घ्यायला अक्का जायच्या, पण लोकांना बसवायचं काम उखाचं. उखा त्याच पाड्यावरचा, पस्तिशीचा, सातवी शिकलेला माणूस. आधी तापाच्या माणसांच्या बोटातून रक्त घेत गावोगाव फिरायचा. अक्कांनी त्याला आपल्या कामात घेतलं. शिशीवर चिठ्ठी लावणं, वहीत नाव आणि नंबर लिहिणं हे सगळं त्याच्याकडे. "माझ्यापेक्षा त्याचं अक्षर बरं," असं अक्का सांगायच्या. शाई ओलीनं फुटते म्हणून तो पेन्सिलीनं लिहायचा. कागदाची नखाएवढी चिठ्ठी, डिंकानं चिकटवलेली.

तपासणी मुंबईला व्हायची. काळोख्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाखाली. ज्याच्या रक्तात पहारा जास्त, त्याच्या थेंबात कितीही पाणी घातलं तरी तो थेंब हिरवा चमकतो, असं अक्कांनी मला एकदा भाकरी थापताना समजावलं होतं. मुंबईची गाडी जळगावहून सोयीची, म्हणून प्रत्येक फेरीनंतर अक्का शिश्यांचा डबा घेऊन आमच्याकडे मुक्कामाला यायच्या आणि डबा आमच्या फ्रिजमध्ये राहायचा. एक चपटा बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता तो. दोन वर्षांत पाच-सहा वेळा हे झालं. मला कधी काही वाटलं नाही.

१९८७ च्या श्रावणातली फेरी शेवटच्या वर्षातली होती. अक्का शनिवारी आल्या. दुसऱ्या दिवशी, म्हणजे नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्या घरी कानबाई बसायची होती. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी लिहिते: कानबाई ही आमची घरची देवी. नारळाला डोळे-नाक लावून, नथ घालून तिला चौरंगावर बसवतात. माणशी सव्वा मापानं गहू दळून रोट करतात आणि ते फक्त घरच्या भाऊबंदांनी खायचे. लग्न होऊन गेलेल्या मुलीलासुद्धा ते चालत नाहीत. अक्का बिनलग्नाच्या, म्हणून घरच्याच, म्हणून दर वर्षी रोट खायला हजर. आठ दिवस आधीपासून घराचा कोपरा न् कोपरा धुतला जातो.

अक्कांनी मला शनिवारीच सांगितलं होतं, "यशोदा, डबा मंगळवारपर्यंत हलवू नकोस. फ्रिजही फार उघडू नकोस." रविवारी सकाळी त्या नानांना आणायला सावद्याला गेल्या.

मी अंघोळ करून सोवळ्यात स्वयंपाकघरात शिरले. खिरीचं दूध फ्रिजमध्ये होतं. दार उघडलं आणि डबा दिसला. सासूबाईंनी मला काही सांगितलं नव्हतं, त्यांना तर डबा आलाय हेही माहीत नव्हतं. सगळं माझ्याच मनात आलं. देवीच्या दुधाच्या वरच्या खणात रक्त. आणि तेही कुणाकुणाचं. हे दुसरं वाक्य लिहिताना आज हात थांबतो, पण ते मनात आलं होतं.

मी बर्फाचे सगळे ट्रे घमेल्यात रिकामे केले, त्यात डबा ठेवला, वर ओलं पोतं टाकलं आणि घमेलं मागच्या दारी न्हाणीघराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. फ्रिजवर गोमूत्र शिंपडलं. थंडावा आहे, काही बिघडत नाही, उद्या विसर्जन झालं की परत ठेवू, असा माझा हिशेब.

सोमवारी दुपारी सगळे दमून आडवे झाले तेव्हा मी घमेल्याकडे गेले. बर्फाचं पाणी झालं होतं. डब्याचं झाकण घट्ट नव्हतं, आत पाणी शिरलेलं. उघडलं तर शिश्या पाण्यात लोळत होत्या आणि चिठ्ठ्या पाण्यावर तरंगत होत्या. बारा शिश्यांच्या चिठ्ठ्या जागेवर होत्या. अठ्ठेचाळीस सुटल्या होत्या.

अक्का आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मधे फक्त एक दार होतं. उठवून सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर पदरानं शिश्या पुसल्या, चिठ्ठ्या ताटात उन्हाला वाळवल्या, आमच्या यांच्या टेबलावरची डिंकाची बाटली आणली आणि एकेक चिठ्ठी एकेका शिशीला लावत गेले. कुठली कुणाला, ते मला ठाऊक नव्हतं. सगळ्या शिश्यांत तेच फिकट पिवळं पाणी. मी मनाशी म्हटलं, एकाच पाड्यावरची माणसं, सगळ्यांना तोच ताप, त्यांच्या रक्तात असा काय फरक असणार?

फरक काय, तेच शोधायला बाई तीन वर्षं डोंगर चढत होती. आणि मला ते समजावून सांगितलेलं होतं.

मंगळवारी सकाळी अक्कांनी मी परत ठेवलेला डबा फ्रिजमधून काढला. त्यावर बर्फाचा पांढरा थर धरला होता. "वा! तुझा फ्रिज धुळ्याच्या फ्रीजरपेक्षा बरा," असं म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. त्या दिवशी वहीत 'आजची चूक' या ओळीपुढं मी लिहिलं: रोटांना तूप कमी पडलं.

कार्तिकात अक्का आल्या त्या निराळ्याच. जेवता जेवता हात थांबायचा. शेवटी यांनी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "श्रावणातली फेरी सगळी उलटीपालटी आली रे, अभिमन. दगडीबाईचा थेंब पाण्यासारखा कोरा, आणि अडीच वर्षांच्या पोराचा हिरवागार. आधीच्या दोन वर्षांशी काही जुळत नाही."

"मशिनीत काही बिघाड?"

"तीनदा केलं. नंबर अदलाबदल झालेत, दुसरं काही नाही. वरचे साहेब म्हणतात, चिठ्ठ्या कोणी लावल्या?"

चिठ्ठ्या उखानं लावल्या होत्या. मी वाढत होते. माझ्या हातात आमटीची पळी होती. मी आमटी वाढली.

उखाला कामावरून काढलं. अहवालात अक्कांनी लिहिलं की जबाबदारी माझी आहे. पण वरच्यांनी खाली एक ओळ टाकली, नमुन्यांच्या नोंदीत स्थानिक कर्मचाऱ्याची हलगर्जी. मधली एक फेरी गेल्यानं तीन वर्षांची साखळी तुटली. लेख परत आला. पुढल्या वर्षी उपकेंद्राला पैसे मिळाले नाहीत आणि त्या दोन खोल्यांना कुलूप लागलं. अक्का धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागल्या.

मार्गशीर्षात उखा पिंप्राळ्याला आला. अक्का आमच्याकडे असतील असं त्याला कोणी सांगितलं होतं. मी दार उघडलं. तो पायरीवरच बसला. मी त्याला चहा दिला, कोनाड्यातल्या निराळ्या कपात. तेव्हा त्यात मला काही वावगंही वाटलं नाही.

"ताई नहीत का?"

"धुळ्याला आहेत."

त्यानं कप पायरीवर ठेवला. मग म्हणाला, "त्यासले सांगज्यात बाई, मी चुकनू नही. एकेक शिशीवर नंबर लिखा, नाव वाचं, मंगच डबामा ठेई."

"सांगते," मी म्हटलं.

"पन पाडावर बठ्ठा म्हनतस, उखानी घोटाया कया. दारू पिसन लिखं व्हई. बाई, मी पीत नही."

"सांगते हो," मी पुन्हा म्हटलं आणि दार लावलं. आत येऊन देवापुढं हात जोडले. पुढच्याच सोमवारपासून सोळा सोमवार धरले, उखाला दुसरं काम मिळू दे म्हणून. ते संपले तेव्हा उद्यापन केलं. पुढच्या वर्षी परत धरले. पाच मिनिटांत सांगून जे झालं असतं, त्यासाठी मी वर्षानुवर्षं उपास करत राहिले आणि शेजारणी मला म्हणत, काय बाई तुमची भक्ती!

अक्कांनी काम सोडलं नाही, हे इथं लिहायलाच हवं. कॉलेज सांभाळून सुट्टीच्या दिवशी त्या एसटीनं साक्रीला आणि पुढं पाड्यावर जायच्या. स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या सुयांनी, पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला लोक रक्त देईनात. ज्या कामात आपल्याच माणसाला चोर ठरवलं, त्या कामाला बोट कोण देणार? दगडीबाई तेवढी देत राहिली. हळूहळू पंधरा झाले, मग तीस.

१९९३ च्या भाद्रपदात अक्का आल्या होत्या. मी पोळ्या लाटत होते, त्या पाटावर बसल्या होत्या. सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "साक्रीला एका संस्थेचा आरोग्य प्रकल्प निघालाय. उखा तिथं अर्ज करतोय, रक्त तपासणाऱ्याच्या हाताखाली. माझं पत्र मागितलंय त्यांनी. त्यांच्याकडे तो जुना अहवाल आहे."

"मग द्या की."

"प्रामाणिक आहे, हे लिहीन. लोक त्याचं ऐकतात, हेही लिहीन. पण नोंदी अचूक ठेवतो, असं कसं लिहू? मला तसं वाटतं, पण वाटणं म्हणजे माहीत असणं नव्हे. ती फेरी त्याच्या नावावर आहे. तेवढी ओळ नसेल तर ते घेणार नाहीत."

तव्यावरची पोळी करपली. मी ती काढली नाही.

"अक्का, त्या चिठ्ठ्या मी लावल्या."

"कुठल्या?"

"कानबाईच्या वेळच्या. डबा मी बाहेर काढला होता. पाणी शिरलं, चिठ्ठ्या सुटल्या. मी डिंकानं परत लावल्या. अंदाजानं."

मला वाटलं होतं, त्या ओरडतील किंवा उठून जातील. त्यांनी गॅस बंद केला. मग विचारलं, "किती सुटल्या होत्या?"

"अठ्ठेचाळीस."

"नक्की?"

"बारा राहिल्या होत्या. मोजल्या होत्या."

"त्या बारा कुठल्या?"

"आठवत नाही."

"आठव."

मी आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवल्या. अक्का भिंतीकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "शिश्या दोन वर्षं मुंबईच्या फ्रीजरमध्ये होत्या. तेव्हा सांगितलं असतंस तर रक्तगट बघून, आधीच्या फेऱ्यांशी ताडून निम्म्या तरी जागेवर लावल्या असत्या. मग जागा हवी म्हणून त्यांनी टाकून दिल्या." आणि मग, "सहा वर्षं तू मला गरम पोळी वाढतेयस, यशोदा."

मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतले. "माझ्या नको. ज्याच्या पडायचं, त्याच्या पड."

संध्याकाळी हे घरी आल्यावर अक्कांनीच त्यांना सांगितलं. हे आधी माझ्यावर चिडले, मग अक्कांना म्हणाले, "आता सहा वर्षांनी उकरून काय मिळणार? तू पत्र दे त्याला, चांगलं लिही, झालं. घरातली गोष्ट घरात राहू दे."

"घरातली गोष्ट साक्रीपर्यंत गेली आणि एका माणसाचं नाव खाऊन आली, अभिमन. आता ती घरातली कशी?"

सासूबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या. त्या माझी बाजू घेतील असं मला वाटलं, देवीच्या सोवळ्यासाठीच केलं होतं मी. त्या मान वर न करता म्हणाल्या, "कानबाईनं सांगतलं व्हतं का तुले? मले इचारलं असतं त म्या म्हनलं असतं, ऱ्हाऊ दे डबा. दूध बाजूच्या घरी ठेवलं असतं."

हे मला सुचलंच नव्हतं. दूध हलवता आलं असतं.

नवरात्र झाल्यावर, ऑक्टोबरातल्या एका रविवारी, ऊसतोडीला लोक जायच्या आधीच्या अक्कांच्या फेरीला मी त्यांच्याबरोबर निघाले. आदल्या दिवशी धुळ्याला मुक्काम, पहाटेच्या एसटीनं साक्री, पुढं जीप आणि मग पायवाट. रस्ताभर अक्का माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. पाणी हवं का, पाय जपून ठेव, एवढंच. मी इतक्यांदा त्यांचे डबे फ्रिजमध्ये ठेवले, पण ते डबे कुठून येतात ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चढावर मला तीनदा बसावं लागलं. अक्का त्रेचाळीस वर्षांच्या, खांद्याला पिशवी, पुढं चालत होत्या.

उखा अंगणात नागली, म्हणजे नाचणी, झोडत होता. त्याची बायको दिवालीबाई सुपानं पाखडत होती. आम्हाला पाहून त्यानं खाट टाकली. मी खाटेवर बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. पाठ करून गेले होते, पण पाठ केलेलं काही आठवलं नाही. मी डबा बाहेर ठेवला, चिठ्ठ्या सुटल्या, मी चुकीच्या लावल्या, तुम्ही दारी आलात तेव्हाही बोलले नाही.

उखा हातातलं दांडकं धरून उभा राहिला. सूप थांबलं होतं.

"मी उनू व्हतू तवय तुमले मालूम व्हतं?"

"हो."

"च्या दिधा माले तुमी."

"हो."

दिवालीबाई त्यांच्या बोलीत काही तरी भरभर बोलली. मला कळलं नाही आणि अक्कांनी ते सांगितलं नाही. उखा खाटेच्या कडेवर बसला.

"सहा वरीस मी मन्हाच हातवर शक करत र्‍हायनू, बाई," तो म्हणाला. "रातदिन तोच इचार. कोनता नंबर चुकना व्हई? मन्ही वही काढीसन पाही, परत पाही. ताई भरोसा करेत, तरी मी नही करू."

मी त्याच्या पायांना हात लावायला खाली वाकले, तर तो दचकून उठला आणि दूर झाला. "तसं नका करू. त्यानं काय व्हई? कागद करा."

कागद अक्कांनी तिथंच खाटेवर लिहिला. खाली माझं निवेदन मी माझ्या हातानं लिहिलं. श्रावण, साल, घमेलं, डिंक, सगळं. पूर्ण नावानिशी सही केली. उखानं तो कागद दोनदा वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "आठे 'बहुतेक' काब्रं लिखं? काढा ते." मी 'बहुतेक' खोडलं आणि बाजूला पुन्हा सही केली. याच कागदावर त्याला पुढं मार्चमध्ये त्या प्रकल्पात काम मिळालं. १९९६ साली अक्कांचा लेख छापून आला. लहानसाच, तीस माणसांचा. ऊसतोडीला जाणाऱ्यांचा पहारा कसा उतरतो, यावर. त्यात मदतनीस म्हणून उखाचं पूर्ण नाव आहे.

पण त्या दिवशी तेवढ्यावर झालं नाही. कागद घडी करून खिशात ठेवल्यावर उखा म्हणाला, "हाई साहेबलोकसकरता व्हयनं. पाडाना लोक कागद वाचतस नही. तेसना समोर सांगा."

मोहाच्या झाडाखाली रक्त द्यायला लोक जमले होते. तीस-पस्तीस माणसं असतील. मी सांगितलं आणि उखा वाक्यावाक्याला थांबवून त्यांच्या बोलीत सांगत गेला. मी जिथं पुसट बोलले तिथं तो मला पुन्हा विचारायचा, "म्हंजे कोनी लावं? नाव सांगा." मी म्हणायचे, मी. कोणी हसलं. एक माणूस उखाच्या पाठीवर थाप मारून काही बोलला आणि सगळे हसले. त्या हसण्यात उखा हसला नाही.

दगडीबाई पुढं बसली होती. अक्कांच्या तोंडून इतकी वर्षं नाव ऐकलेली. सुकलेली, गोंदलेल्या हातांची. ती मला निरखत होती. रागावलेली दिसत नव्हती. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं:

"बाई, आमनं रगत तुमनी देवीले चालत नही का?"

उखानं ते पुन्हा सांगितलं नाही, मला समजलं होतं. मी इतक्या पोथ्या वाचल्या, इतके उपास केले, त्यातलं एक वाक्य तोंडात येईना. देवीला चालत नव्हतं असं म्हटलं असतं तर देवीवर खोटं आलं असतं. मला चालत नव्हतं, हे खरं होतं, आणि ते त्या म्हातारीच्या डोळ्यांत बघून बोलण्याचं धैर्य मला झालं नाही. मी मान खाली घातली. तिनं उत्तराची वाट पाहिली आणि मग दुसरीकडे पाहिलं.

मागून कुणी बाई म्हणाली, "हिनं बी रगत काढ ना, डाक्टरबाई!" पुन्हा हशा झाला.

"काढते," अक्का म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. "ताप नसलेल्या गावचं माणूस ताडून बघायला लागतंच. बस, यशोदा."

मी जमिनीवर बसले. अक्कांनी माझ्या दंडाला रबर बांधलं. गेल्या दोन महिन्यांत त्यांचा हात माझ्या अंगाला लागला नव्हता. सुई टोचली, शिशी भरली. अक्कांनी पुढं केलेली चिठ्ठी उखानं घेतली, पेन्सिलीला टोक आहे का ते नखावर पाहिलं.

"नाव?"

"यशोदा."

"पुरं सांगा."

"यशोदा अभिमन बोंडे. पिंप्राळा."

त्यानं वहीत जुन्या साठ नावांखाली लिहिलं, चिठ्ठीवर नंबर लिहिला, चिठ्ठी शिशीला लावून अंगठ्यानं दाबली. जरा वेळ दाबूनच ठेवली. मग शिशी माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"वाचा."

"एकसष्ट."

"मोठ्यानं."

"एकसष्ट," मी मोठ्यानं म्हटलं. त्यानं शिशी डब्यात ठेवली आणि दगडीबाईला पुढं यायला सांगितलं.